खालची पिवळी अक्षरं

कादांगन,
११ मार्च १९८४

डॅनीसाहेब,

हेच नाव लिहायचं ना? पिक्चर संपल्यावर पडद्यावर जी नावं वर सरकत जातात, त्यात हेच होतं. ‘ध्वनी : डॅनी रामोस.’ हे रामोस कुठले, ते मला माहीत नाही. आमच्या घरात एक देगाय होता, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी धाकटा. त्याचे शेंबडे गाल मी पुसलेत. त्याची नि तुमची कधी गाठ पडली तर हे पत्र त्याला द्या.

तीन वर्षांनी लिहितेय म्हणजे आधी तब्येत विचारायला हवी. नाही विचारत.

काल शनिवारी आपल्या दुकानदार कोलिनने बागियोहून व्हिडिओ मशीन भाड्याने आणलं होतं. जनरेटर दुकानामागे आणि टीव्ही तांदळाच्या पोत्यांवर. ‘देगायचा पिक्चर’ म्हणून अख्खं गाव लोटलं. पॅट-ओगकाका ठेवणीतला कोट घालून पुढच्या बाकावर बसला होता. शेजारच्याला सांगत होता, “माझ्या भावाचा मुलगा. सगळे आवाज त्यानेच केलेत, पक्ष्यांचेसुद्धा.”

पिक्चर आपल्याबद्दल आहे हे आम्हांला उशिरा कळलं. डोंगरातले नरभक्षक म्हणजे आपण. डोंगर म्हणजे नारळाची बाग. अकरा वर्षांची होईपर्यंत मी नारळ पाहिला नव्हता रे! इथे बारा महिने स्वेटर लागतो, आणि तुमचे नरभक्षक उघडेबंब, अंगाला काजळी फासलेले, डोक्यात कोंबड्याची पिसं. खाली गावातली हमालमंडळी धरून आणली असणार. कोलिन ओरडला, “तो बघा, त्याच्या मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा उमटलाय! काजळी पुरली नाही!” हसून हसून आमच्या डोळ्यांतून पाणी आलं. तोवर सगळं छान चाललं होतं. माणसाने आपल्याला मूर्ख समजलं तर आपण त्याला महामूर्ख समजून घरी जावं, एवढी अक्कल आम्हांला आहे.

मग त्या गोऱ्या डॉक्टरच्या मुलीला त्यांनी खुर्चीत बांधलं. आपल्या खुर्चीत. मेलेल्या माणसाला दारात बसवतात ती, आमाला, आपल्या बापाला, तीन दिवस बसवलं होतं ती. खुर्चीच्या पाठीला कवट्या टांगल्या होत्या. आणि मागे गाणं सुरू झालं.

पहिल्याच स्वराला मी ओळखलं. तो इनाचा आवाज होता. तुझ्या जन्मदात्या आईचा. आमाच्या प्रेतापाशी बसून, त्याला नावाने हाक मारत ती गायली तो बयाओ.

“बोसाइंग, आज पाण्याची पाळी आपली आहे, बांधाची फळी कोण काढणार? कोट खुंटीवरच राहिला की रे तुझा. वर थंडी असेल. बोसाइंग, सकाळपासून डुक्कर तुझ्या पावलांकडे कान लावून आहे, त्याला मी काय सांगू?”

आणि खाली पिवळ्या अक्षरांत, इंग्रजीत, जगातल्या सगळ्यांना वाचता यावं म्हणून लिहिलं होतं : ‘रक्त! आम्हांला गोरं रक्त पाज!’ मग, ‘हिचं काळीज जिवंतपणी काढा!’

मिशनच्या शाळेने गावाला इंग्रजी वाचायला शिकवलंय, त्यातली वीस वर्षं तर मीच शिकवतेय. तेव्हा सगळ्यांनी वाचलं. आणि कान तर होतेच. हसणं एकदम थांबलं. कोलिनने उठून मशीन बंद केलं. पॅट-ओगकाका जागचा हलला नाही. म्हणाला, “आमाचा बयाओ आहे हा.” नंतर म्हणाला, “माझ्या नावाचं कडवं कापलंय यांनी.”

आमाच्या त्या तीन दिवसांत गर्दी खूप होती. कुणाच्या हातात टेपरेकॉर्डर होता, कोण जाणे. पण तो तुझ्यापर्यंत कसा पोचला, हे तुला माहीत असणार.

इना घरीच होती. तिचे डोळे जवळजवळ गेलेत आणि गुडघेही. तिला मी काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तू एवढंच लिही की तुझ्या हातून हे नकळत घडलं. खोटं असलं तरी लिही.

हिल्डा


कादांगन,
२९ एप्रिल १९८४

देगाय,

तुझं पत्र मिळालं. वा रे पठ्ठ्या. मी तुला खोटं बोलायची सवलत दिली होती, तीही तुला वापरता आली नाही.

‘मनांग, अर्धं मिनिट तर आहे.’ थोरल्या बहिणीला मनांग म्हणतात, एवढं अजून आठवतं तर. हो, मी मोजलं नाही, पण असेल. ‘पिक्चर तो पिक्चर, कुणी खरं मानत नाही.’ मागच्या महिन्यात बागियोच्या दवाखान्यात इनाचे डोळे दाखवायला गेले होते. तिथली नर्स, कोवळी पोर, तिला विचारते, “आजी, तुम्ही लहानपणी खरंच माणसं खायचात का?” चेष्टेत नाही हं, भीतभीत विचारलं तिने. इना म्हणाली, “नाही गं, तेव्हा मीठ मिळायचं नाही.” पोरगी दोन पावलं मागे सरली. आता सांग, कुणी खरं मानत नाही?

आणि तुझं ते शेवटचं वाक्य : ‘ती भाषा कळतंय कुणाला?’ मला वाटलं, ओळ चुकली असेल म्हणून मी पुन्हा वाचली. कुणाला म्हणजे? ती भाषा तुला कळते रे! टेबलापाशी बसून कानाला यंत्रं लावून तू ती कापलीस, जोडलीस. ‘कोट खुंटीवरच राहिला’ यावर ‘काळीज काढा’ चिकटवताना तुला कळत होतं. बाकीच्या शंभर माणसांना मी माफ करते. त्यांना नाही कळत. गाढवाच्या पुढे कुणीही गावं.

पुढे तू लिहितोस, ‘टेप तूच पाठवली होतीस.’

हो. पाठवली. मागच्या पत्रात मी ‘कोण जाणे’ लिहिलं ते खोटं होतं. तू तार केली होतीस की शूटिंग सोडून येता येत नाही, पण इनाचा बयाओ मला ऐकायला मिळाला असता तर आमाला पोचवल्यासारखं झालं असतं. मी शाळेचा टेपरेकॉर्डर शालीखाली धरून तीन तास बसले. मेल्याच्या घरातलं गाणं असं उचलू नये, हे मला माहीत होतं. पॅट-ओगकाकाला विचारलं असतं तर त्याने हात मोडला असता माझा. मी कुणालाच विचारलं नाही. तू रडशील, तुला बरं वाटेल, एवढंच डोक्यात होतं. मग तुझं पत्र आलं, ‘मनांग, रोज ऐकतो.’ ते मी जपून ठेवलं होतं. काल चुलीत घातलं. चांगलं जळलं.

आता पुढचं ऐक. इनाला कळलं.

मी सांगितलं नाही, दुकानदाराने नाही, कुणीच मोठ्या माणसाने नाही. पोरांनी सांगितलं. गुरुवारी शाळा सुटल्यावर पाचसहा जणं वरच्या वाटेने नाचत आली. डोक्यात पिसं, हातात काठ्या, मध्ये एक कुत्रा दोरीने बांधलेला. आणि गात होती, “बोसाइंग, फळी कोण काढणार, ऊऽऽ ऊऽऽ! डुकराला काय सांगू, ऊऽऽ ऊऽऽ!” चाल अगदी बरोबर. पोरांचे कान चांगले असतात, तुझेही होते.

इना दारात शेंगा सोलत बसली होती. हात थांबले. म्हणाली, “हिल्डा, कोण मेलं?”

“कुणी नाही, इना. पोरं खेळतायत.”

“माझ्या नवऱ्याला का रडतायत?”

मग मला सांगावं लागलं. सगळं सांगितलं, फक्त टेप मी केली हे सोडून. तिला वाटतंय तू कुणाकडून तरी मिळवलीस. तिने मध्ये एकदाच विचारलं, “त्या पोरीला खुर्चीत बांधलं, ती मेली का?”

“नाही, तिला एका गोऱ्याने सोडवलं.”

“मग माझं गाणं फुकट गेलं,” ती म्हणाली आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली. त्यानंतर या विषयावर एक अक्षर नाही. तिची चूप बसायची पद्धत तुला माहीत आहे. मारलेलं परवडतं.

हिल्डा


कादांगन,
१६ सप्टेंबर १९८४

देगाय,

तुझं पत्र मी उभ्या उभ्या वाचलं आणि मग पायरीवर बसले.

तर पिक्चर चालला, मलेशियापासून इटलीपर्यंत विकला गेला, आणि तुझे मिस्टर अल्मेदा दुसरा भाग काढतायत. आणि त्यांना ‘त्याच म्हातारीचा आवाज’ हवाय, जास्त लांब, जास्त भयानक, आणि या वेळी ते स्वतः येणार, खरं गाव बघणार, काही दृश्यंही घेणार. आणि तू? तू येणार नाहीस. ‘स्टुडिओत काम आहे.’ बापाच्या वेळीही स्टुडिओत काम होतं. फार कामाचा माणूस झालास बाबा.

वर लिहितोस, ‘इनाला मान मिळेल, तिचं नाव पडद्यावर येईल.’ कुठलं नाव येईल? तुझं तरी कुठे आलं?

मी हे पत्र इनाला मोठ्याने वाचून दाखवलं. मुद्दाम. म्हटलं, ती दोन शिव्या हासडेल, त्या तशाच लिहून पाठवू, विषय संपेल. ती ऐकत होती. तोंडात पान होतं. शेवटी म्हणाली, “येऊ देत.”

“इना, ते पुन्हा तेच करणार.”

“लिही त्याला. म्हणावं, इना गाईल.”

“कशासाठी?”

“मुलगा पहिल्यांदा काही मागतोय,” ती म्हणाली. आणि थुंकायला उठून गेली.

मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. म्हातारपणात माणूस हरखतं, नावाला भुलतं, असं मला वाटलं. तुझ्याइतकीच मला तिचीही शरम वाटली, हे लिहून ठेवते, कारण नंतर मी हे लपवीन.

तर तुझ्या साहेबांना पाठव. रस्ता ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत खचलेला असतो, त्यानंतर.

हिल्डा


कादांगन,
४ नोव्हेंबर १९८४

देगाय,

हे पत्र मी पोस्टात टाकलेलं नाही. बसच्या ड्रायव्हरच्या हातात दिलंय आणि त्याला सांगितलंय की मनिलात स्टुडिओच्या दारात उभा राहून तुझ्याच हातात द्यायचं. ते लोक काल दुपारी इथून गेले. टेप तुझ्यापर्यंत पोचेल, तू कानाला यंत्र लावशील. त्याआधी हे वाच. उभा असशील तर बस.

सुरुवातीपासून सांगते.

शुक्रवारी दोन जीपगाड्या आल्या. मिस्टर अल्मेदा उतरले आणि त्यांचा चेहरा पडला. आपलं गाव त्यांना पसंत पडेना. पत्र्याची छपरं, चर्च, दोरीवर वाळत घातलेल्या जीन्स. “खरं गाव कुठे आहे?” त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, “तुम्ही त्याच्यावरच उभे आहात, साहेब. जरा बाजूला व्हा, तो कोबीचा वाफा आहे.” मग त्यांनी कोलिनच्या पत्र्यावर गवत पसरायला लावलं, त्याची कॅलेंडरं उतरवली, पोरांचे स्वेटर काढायला लावले. पोरं थंडीने कुडकुडायला लागली तर खूश. म्हणे, “बघा, भीती कशी नैसर्गिक आलीय!”

पॅट-ओगकाकाच्या हातात त्यांनी भाला दिला. काका उलटसुलट करून बघत म्हणाला, “हा बागियोच्या बाजारातला आहे. टोक पत्र्याचं आहे.”

“धरा हो, लाकाय,” साहेब म्हणाले; म्हाताऱ्याला असं म्हणतात एवढं शिकून आले होते. “तुमच्या पूर्वजांसारखे.”

“पूर्वजांचं माहीत नाही. मी जपान्यांशी लढलो तेव्हा माझ्याकडे रायफल होती. ती आणू का?”

साहेब हसले. मग सगळे विचारतात ते विचारलंच त्यांनी, हळूच, खांद्यावर हात ठेवून. “खरं सांगा, कधी चाखलंय का? माणूस?”

काकाने त्यांना वरपासून खालपर्यंत निरखलं. पोटापाशी जरा जास्त वेळ. “मन होतं कधीकधी,” म्हणाला. “पण तुम्हा शहरातल्या लोकांत चरबी फार. आम्हांला बाधते.”

पण मुख्य काम इनाचं होतं. शनिवारी सकाळी दहा वाजता त्यांनी तिला दाराबाहेर दगडावर बसवलं. चष्मा काढला, लोकरीची टोपी काढली. समोर काठीला बांधलेला माईक धरून तुझ्यासारखाच एक पोरगा उभा राहिला. बघायला सगळं गाव जमलं होतं, मनातून माझ्यासारखंच लाजत. दुभाषी म्हणून मी मध्ये.

इना मला म्हणाली, “त्यांना विचार, कुणासाठी गाऊ? बयाओला मेल्याचं नाव लागतं. नाव नसेल तर तो बयाओ नाही, नुसतं ओरडणं.”

मी विचारलं. साहेब घड्याळ बघत म्हणाले, “कुणाचंही घ्या म्हणावं. आम्हांला काय कळतंय!”

मी तसंच सांगितलं. इना म्हणाली, “बरं.”

आणि तिने तुझं नाव घेतलं.

देगाय, ती तुझ्यासाठी गायली. तुझा बयाओ गायली. मी शब्द लिहिते, म्हणजे कान चुकला असं तुला म्हणता येणार नाही.

“देगाय, माझ्या शेवटच्या लेकरा, तू कधी मेलास ते मला कुणी कळवलं नाही. तुला खुर्चीत कुणी बसवलं? तोंडावरच्या माश्या कुणी हाकलल्या? देगाय, तुझे कान एवढे तिखट होते की पोटात असताना पाऊस आला की तू वळायचास. त्या कानांत माती कुणी भरली? तुझा बाप रस्त्यात तुझी वाट बघत थांबलाय. मी त्याला म्हणते, जा पुढे, पोरगा येतोय. आता दोघं मिळून जा. देगाय, तुझं नाव लावून एक माणूस माझ्या दारात आला नाही, त्याने दुसरी माणसं पाठवली. मी त्यांना ओळखत नाही. मी मेलेल्या मुलाची आई आहे.”

दुसऱ्यांदा तिने तुझं नाव घेतलं तेव्हा बायकांनी तोंडावर हात ठेवले. जिवंत माणसाचा बयाओ ऐकणंसुद्धा वाईट. काहीजणी पोरांना ओढत घरी गेल्या. पॅट-ओगकाकाने भाला टाकला, टोपी काढली आणि रीतीप्रमाणे तिच्या मागे जाऊन उभा राहिला, पुतण्या मेला की चुलत्याने राहायचं असतं तसा.

साहेब कुजबुजत मला विचारत होते, “काय म्हणतेय, काय म्हणतेय?”

मी म्हटलं, “पाऊस मागतेय.”

मला थांबवता आलं असतं. माईकपुढे हात धरला असता तरी पुरलं असतं. पहिल्या कडव्यानंतर मी तसं म्हटलंही मनात. पण मला थांबवायचं नव्हतं. मला बरं वाटत होतं, देगाय. ऐकताना गोड वाटत होतं. हे मी पाद्र्याला सांगितलेलं नाही, तुला सांगतेय.

संपल्यावर साहेबांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “ब्युटिफुल! अंगावर काटा आला! या सुराला नुसतं ‘मार, मार, मार’ लिहिलं तरी चालेल.” इनाच्या पाया पडायला वाकले. तिने पाय मागे घेतले.

आता यातलं अवघड. ते लोक गेले, पण इना उठली नाही. तिला आत न्यावं लागलं. तिने केस सोडलेत. दारात लाकडं पेटवलीत, माणूस गेल्यावर पेटवतात तशी. भाताला हात लावत नाही, नुसती रताळी, तीही कालपासून एकदाच. मी म्हटलं, “इना, पुरे झालं, ते गेले. देगाय जिवंत आहे.” ती म्हणते, “तुला कुणी सांगितलं?” हे नाटक नाही. ती खरंच दुखवट्याला बसलीय. ब्याऐंशी वर्षांची बाई. जुन्या रीतीने हा दुखवटा तीन आठवड्यांचा असतो, आणि ती एवढे दिवस रताळ्यांवर काढू शकणार नाही, हे सांगायला डॉक्टर नको.

पॅट-ओगकाकाला विचारलं, यावर उपाय काय. तो म्हणाला, “मेलेला चालत आला की दुखवटा मोडतो. दुसरं काही ऐकलेलं नाही.”

बस बुधवारी आणि रविवारी येते. तुला माहीत आहे ते. पण तुला बरंच काही माहीत असतं आणि तू करत नाहीस, म्हणून लिहिलं.

हिल्डा


कादांगन,
२ डिसेंबर १९८४

देगाय,

तू बागियोला पोचल्याचं कळलं. रेडिओवाल्यांनी दुरुस्तीच्या कामावर ठेवलं तर बरंच आहे. टेप तू स्वतः पुसलीस आणि साहेबांना ‘दमटपणाने खराब झाली’ म्हणालास, त्यांनी तुला हाकललं, याचं मी कौतुक करणार नाही. घाण करणाऱ्याने घाण पुसली तर त्याला हार घालत नाहीत. पण पुसलीस.

तुझ्या येण्याची गोष्ट पॅट-ओगकाका अजून सगळ्यांना रंगवून सांगतो. दारात तू उभा, आत इना. “कोण?” “मी.” “मी म्हणजे कोण?” “देगाय.” “देगाय मेला.” आणि तू म्हणालास, “मेलो असतो तर एवढी भूक लागली असती का, इना? नऊ तास बसमध्ये होतो.” “रताळी आहेत. भात नाही, घरात दुखवटा आहे.” “मग मोड दुखवटा, लाव भात!” काका इथे दर वेळी मांडीवर थाप मारतो. भात लावताना इनाने तांदूळ तीनतीनदा धुतले ते मात्र तो सांगत नाही.

त्यानंतरचं तुला माहीत नाही, कारण जेवून तू भिंतीशी पडलास आणि भर दुपारी घोरायला लागलास. म्हणून लिहितेय.

ती तुझ्याजवळ येऊन बसली. हात लावला नाही. मला म्हणाली, “कसा दिसतो, सांग.” मी सांगितलं : कानशिलावर केस पांढरे, पोट सुटलंय, उजव्या भुवईवरचा व्रण आहे. ती प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती. माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हटलं, “इना, आमाची टेप मी केली होती. शालीखाली धरून. मीच त्याला पाठवली.”

ती म्हणाली, “माहीत आहे. तेव्हा मला दिसत होतं. शालीतून लाल दिवा दिसत होता.”

“मग तेव्हा बोलली का नाहीस? मला हाकललं का नाहीस?”

“त्याला यायला जमलं नव्हतं,” ती म्हणाली. “मला वाटलं, त्याच्यापर्यंत पोचेल. म्हणून तर मी एवढ्या मोठ्याने गायले.”

मग तुझ्या अंगावर आमाचा कोट टाकून ती बाहेर गेली आणि दारातली लाकडं विझवली.

माझ्या मनात तुझ्याबद्दल जे आहे ते अजून गेलेलं नाही. ते जाईल तेव्हा कळवीन. नाताळला ये. येताना तिच्या डोळ्यांचं औषध आण, इथे मिळत नाही.

हिल्डा


कादांगन,
२५ ऑगस्ट १९८५

देगाय,

दुसरा भाग आला. कोलिनने पुन्हा मशीन आणलं. म्हणाला, “बघूया तरी, माझ्या छपरावरचं गवत कसं दिसतं.” या वेळी इना हट्टाने आली. पॅट-ओगकाका नि मी तिला दोन्हीकडून धरून नेलं, पहिल्या बाकावर बसवलं. काहीच दिसत नव्हतं तिला, पण ऐकत होती.

कोलिनचं छप्पर पेटवलंय त्यात. खोटं जाळलंय, पण कोलिन उभा राहून शिव्या देत होता. काकाचा भाला तीनदा दिसला, काका एकदाही नाही. पोरं कुडकुडताना दिसली आणि खाली अक्षरं आली : ‘ते भक्ष्याच्या वासाने थरथरत आहेत.’ त्यातलंच एक पोर माझ्या शेजारी नाक पुसत बसलं होतं. म्हणालं, “टीचर, मला तर सर्दी झाली होती.”

मग गाणं आलं. तुझ्या साहेबांनी शहरातली कुणी बाई आणलीय. नुसतं किंचाळते. भाषाच नाही ती, कुठलीच नाही. आऽऽ गा गा गा, मग हुंदका, मग पुन्हा गा गा. खाली ओळीच्या ओळी : सैतान, शाप, रक्त. दुकान हसून लोटपोट झालं. कोलिन म्हणाला, “या वेळी भाषांतर बरोबर आहे. तिने काही म्हटलंच नाही, यांनी ते नीट लिहून काढलंय.” मीही हसले. किती महिन्यांनी.

इना हसली नाही. माझा दंड धरून तिने विचारलं, “काय म्हणतेय ती?”

“काही नाही, इना. शब्दच नाहीत.”

“मग रडते का?”

“तिला रडायला सांगितलंय.”

“मेलंय कोण?”

“कुणी नाही.”

ती जरा वेळ ऐकत राहिली. पडद्यावर ती बाई गळा फाडून ओरडत होती. मग इना त्या आवाजाच्या दिशेने तोंड करून म्हणाली :

“बाई गं, पुरे. कुणी मेलं नाही म्हणे. ऊठ, तोंड धू, आणि दोन घास खाऊन घे.”

मनांग